नुसतं बघायचंय

"बेचाळीस टक्के! अगं, कमालच केलीस की," मंदाकिनी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं ढिगातली मटाराची एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले. त्यामुळे इंदुमतीला आधी वाटलं, मटार बेचाळीस टक्क्यांनी उतरले असावेत आणि त्याचं श्रेय काही कारणानं आपल्याला मिळतंय.

"कसले बेचाळीस?"

"अगं, तुझी ती..." मंदाकिनीनं आवाज खाली आणला, म्हणजे तो चार दुकानांऐवजी दोनच दुकानांत ऐकू गेला. "गाठ. भावजींनी टाकलंय ना ग्रुपवर. दोन फोटो आहेत. आधीचा आणि नंतरचा. लाल बाण काढून. इतकं समजावून सांगितलंय, मलासुद्धा कळलं."

"बयालीस किसने बोला, अम्मा?" मटारवाला दुखावून म्हणाला. "पूरे हाट में चालीस चल रहा है."

इंदुमतीनं मंदाकिनीच्या हातातून मोबाइल घेतला. भोपाळच्या 'सोनागिरी मराठी परिवार' या ग्रुपमधून ती दुसऱ्या केमोनंतर बाहेर पडली होती, कारण रोज सकाळी कुणीतरी उगवत्या सूर्याच्या चित्रावर 'लढा' असं लिहून पाठवायचं आणि तिला त्या वेळी वाटीभर पेजेशी लढायचं असायचं. आता तिनं बोटानं वर सरकवत नेलं. बोटाच्या टोकाला काच लागत नव्हती, त्यामुळे दोनदा भलत्याच ठिकाणी गेलं. कुणाच्या तरी नातवाची मुंज, पाणी न येण्याची सूचना, आणि मग ते. काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी घुमट. घुमटाच्या आत उजव्या अंगाला एक पांढरा ठिपका. शेजारी तोच घुमट, ठिपका लहान. खाली तिच्या नवऱ्यानं, दिगंबरनं, लिहिलं होतं : 'प्रगती समाधानकारक. आकारमानात ४२ टक्के घट.' त्याच्या खाली अंगठ्यांची रांग, फुलांचे गुच्छ, एक हलणारा गणपती. सदाशिवराव मोबाइल चष्म्याशिवाय वाचतात. त्यांनी विचारलं होतं, 'सांचीचा स्तूप का? कधी जाऊन आलात?' त्याला दिगंबरचं उत्तर : 'नाही. सौ.चा एमआरआय.' त्यावर सदाशिवरावांचे जोडलेले हात.

"हळदीकुंकवाला ये हं या वेळी," मंदाकिनी म्हणत होती. "काही करू नकोस, नुसती बस. सगळ्यांना तुला बघायचंय गं." आणि मग डोक्यावरच्या स्कार्फकडे बघून, "किती छान दिसतो तुला हा रंग!"

पूर्वी कधीही हा रंग मंदाकिनीला तिच्यावर छान दिसलेला नव्हता. इंदुमतीनं मोबाइल परत दिला, मटार घेतले नाहीत, आणि गाडीकडे चालत गेली. चालताना तळपायाखाली जमीन आहे की नाही हे अलीकडे तिला बघून ठरवावं लागे. औषधानं बोटं सुन्न झाली होती, आधी हाताची, मग पायाची. नखं काळी पडली होती. जिभेला प्रत्येक गोष्ट लोखंडाची लागायची, अगदी दहीभातसुद्धा पळी चाटल्यासारखा. या सगळ्याची टक्केवारी कुणी काढली नव्हती. काढली असती तर ती बेचाळीसच्या बरीच वर गेली असती. आणि बेचाळीस म्हणजे काय? टाउनशिपच्या शाळेत सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली तिची. बेचाळीस म्हणजे तिसरा वर्ग. बेचाळीसवाल्याच्या बापाला ती शाळेत बोलावून घ्यायची. तो मान खाली घालून बाकावर बसायचा. गुच्छ घेऊन कुणी आल्याचं तिच्या आठवणीत नव्हतं. पण तेही नव्हे. डोक्यात घण घालत होतं ते वेगळंच : बेचाळीस हा आकडा ती आज पहिल्यांदा ऐकत होती. मागच्या स्कॅननंतर डॉक्टरांनी पडदा दिगंबरकडे वळवला होता. ते दोघं तिकडून बघत होते, आणि तिच्या वाट्याला पडद्याची पाठ आली होती, धुळीची, वायरी लोंबणारी. गाडीत बसल्यावर दिगंबर म्हणाला होता, "बरं आहे." एवढंच. तिचं जे होतं ते सबंध सोनागिरीला दशांशापर्यंत माहीत होतं आणि तिला 'बरं आहे' माहीत होतं.

दिगंबर गाडीशी उभा होता. हातात मिठाईच्या दुकानाचा खोका.

"पेढे?" तिनं विचारलं. "स्कॅन अजून व्हायचाय."

"असू देत. परत येताना इथं गाडी लावायला जागा मिळत नाही," दिगंबर म्हणाला. तो कारखान्यातून क्वालिटीचा मोठा साहेब म्हणून निवृत्त झाला होता आणि त्याचं प्रत्येक उत्तर असं नियोजनातून यायचं.

"अहो, तुम्ही ग्रुपवर माझा फोटो टाकलात?"

"तुझा नाही गं. रिपोर्टचा."

"कशाचा रिपोर्ट?"

"एमआरआयचा."

"एमआरआय कशाचा?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "ट्यूमरचा," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

"आणि मला आकडा नाही सांगितलात."

"तुला उगाच टेन्शन. तू आकडेमोड करत बसली असतीस. राहिलेले अठ्ठावन्न म्हणत बसली असतीस."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे तिला जास्त संताप आला. आरशाखाली टांगलेला लहानसा गणपती वळणावर डोलला. आजच्या स्कॅनवर पुढचं ठरायचं होतं. हे मात्र तिला सांगितलं गेलं होतं, कारण सही तिची लागत होती. औषध काम करत असेल तर उरलेले डोस आणि मग लहान ऑपरेशन. करत नसेल तर औषध बंद, दुसरं सुरू, आणि उजवी बाजू सबंध काढायची, लवकर. तिनं काचेतून बाहेर बघत ठरवून टाकलं. जे काय असेल ते असो. ते आज आधी मला कळलं पाहिजे. दिगंबरला नाही, फोनवर टपून बसलेल्या मुलाला, गौरांगला नाही, मटाराच्या ढिगाला नाही. मला. एवढी साधी मागणी होती की ती कुणाकडे करायची असते हेच तिला माहीत नव्हतं.

गाठ पहिल्यांदा सापडली तीसुद्धा तिच्याच हाताला. न्हाताना. साबणाच्या फेसाखाली एक कठीण, चिंचोक्याएवढं काहीतरी, आपलं नसलेलं. तेव्हा बोटं शहाणी होती. त्यानंतर तिच्या बोटांना कुणी काही विचारलं नाही. सोनोग्राफी झाली, मग सुई, मग एमआरआय, आणि प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या कोटातली पोरं एकच वाक्य म्हणायची : "कुछ नहीं होगा, आंटी, सिर्फ़ देखना है." केमोच्या आधी गाठीच्या मधोमध तिळाएवढी धातूची खूण बसवली. गाठ पुढे विरघळून गेली तर ती कुठे होती ते सर्जनला सापडावं म्हणून. दिगंबरचा चेहरा त्या दिवशी उजळला होता. "डेटम, इंदू! रेफरन्स पॉइंट! आता काही झालं तरी जागा हरवणार नाही," असं तो जिन्यात म्हणाला, जणू तिच्या छातीत त्याच्या खात्याची शाखा उघडली होती. सबंध आयुष्य त्यानं ओतीव लोखंडातल्या भेगा शोधल्या. लोखंड न कापता, न फोडता, आत आवाज सोडून, पडद्यावर उठणाऱ्या रेघा बघून. मोठमोठे दांडे त्याच्यासमोर आडवे पडलेले असायचे आणि हा त्यांच्यावर तेल लावून हळूहळू ते चिमुकलं यंत्र फिरवायचा. एकदा शाळेच्या मुलांची सहल कारखान्यात नेली तेव्हा तिनं ते बघितलं होतं आणि, खोटं कशाला, तिला थोडा हेवा वाटला होता त्या दांड्याचा. घरीही तेच. कलिंगड ठोकून बघायचं, माठ ठोकून बघायचा, करोंदच्या मंडीतून वर्षाचा शरबती गहू आणताना दाणा दातानं तोडून आतला काप उजेडात धरायचा. रिपोर्टात मात्र त्यानं कधी 'दोष नाही' असं लिहिलं नाही. तो लिहायचा, 'दोष आढळला नाही.' फरक काय, असं तिनं लग्नानंतर कधीतरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "पहिलं देवानं लिहायचं. दुसरं मी." हा माणूस! हा माणूस 'प्रगती समाधानकारक' लिहितो आणि खाली अंगठे मोजतो.

आणि तिलाही त्यानं असंच बघितलं होतं. उज्जैनला, माहेरच्या बैठकीत. "नुसतं बघायला येताहेत," वडील म्हणाले होते. ते दर वेळी हेच म्हणायचे, जणू बघण्यानं काही होत नाही. आधी तिघं बघून गेले होते. दिगंबर त्याच्या काकांबरोबर आला. काका म्हणाले, "जरा अशी उजेडात बस पाहू." ती उजेडात बसली. "जरा चालून दाखव." ती चालली. "गातेस का?" नाही. "चष्मा कधीपासून?"  दिगंबरनं मात्र चहाचा कप उचलला, आणि पिण्याआधी कडेवर नखानं टिचकी मारली, कान जवळ नेऊन ऐकलं, आणि समाधानानं प्यायला. कपाला चीर नव्हती. तिला तेव्हा इतकं हसू आलं की ट्रे घेऊन आत पळावं लागलं, आणि आत, ओट्याशी तोंडावर पदर दाबून हसताना, तिच्या लक्षात आलं होतं की याला आपण हो म्हणणार. पण तिला कुणी विचारलंच नाही. पाहुणे उठले, चपला पायात सरकवल्या, आणि काका दारातून म्हणाले, "कळवतो." त्या एका शब्दावर तिनं सबंध उन्हाळा काढला. पोस्टमन आला की शिवणाच्या मशीनवरचा पाय थांबायचा. आई बोलायची नाही, वडील बोलायचे नाहीत, शेजारणी मात्र बोलायच्या. पुढे लग्न झाल्यावर तिनं विचारलं, "इतका वेळ कशाला लागला हो?" तर दिगंबर म्हणाला, "आणखी दोन बघायच्या होत्या. तुलना नको का करायला?" तेही ती हसण्यावारी नेत आली. हसण्यावारी नेलेल्या गोष्टी कुठे जातात? इतकी वर्षं तिला वाटत होतं, त्या जातात.

"साथ में कौन है?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं. तो प्रत्येक ठिकाणी असतो आणि हेच विचारतो.

"मैं हूँ," इंदुमती म्हणाली.

"नहीं, पेशंट के साथ."

"मैं ही हूँ पेशंट के साथ. जन्म से."

"हसबंड हूँ, हसबंड," दिगंबर पुढे होऊन म्हणाला आणि नंबर दिला, त्याचा. पूजा नावाची मुलगी तिला आत घेऊन गेली. पुढून उघडा असलेला गाऊन. मंगळसूत्र काढा, बांगड्या काढा, जोडवीसुद्धा. हे सगळं रुमालात बांधून पूजानं बाहेर दिगंबरच्या हाती दिलं. ब्लाउजचे हुक पूजानं काढून दिले. घरी सकाळी ते दिगंबर लावून देतो. बोटांना हुक सापडेनासे झाल्यापासून, न सांगता, रोज. आणि लावताना तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. एकदाही त्याची नजर खाली येत नाही. फिल्म मात्र तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरून भिंग लावून बघतो, ओठ हलवत, दूध उतू जाईपर्यंत. याचा अर्थ काय लावायचा, हे तिनं कॅलेंडरला अनेकदा विचारलं होतं.

पालथं झोपायचं होतं. फळीला दोन खळगे, त्यात आपलं जे आहे ते सोडून द्यायचं. कपाळ उशीवर, हात डोक्यापुढे, दंडात सुई. ही अवस्था ज्यानं योजली त्याला आई नसावी, किंवा असून त्यानं तिला कधी विचारलं नसावं. पूजानं हातात रबरी फुगा दिला. "घबराहट हो तो दबा देना, आंटी. और हिलना बिल्कुल नहीं." मग फळी आत सरकली आणि ठोकाठोक सुरू झाली. ठण् ठण् ठण्, मग गुरगुर, मग कुणी पत्र्याच्या छपरावर एकसारखं धावतंय तसं. ठोकून बघताहेत, तिला वाटलं. हे सगळे दिगंबर आहेत. हे सबंध यंत्र म्हणजे एक मोठा, गोल, पांढरा दिगंबर आहे आणि मी त्याच्या पोटात पालथी पडले आहे, चीर आहे की नाही ते सांगायला. कपाला विचारलं नव्हतं, मला तरी कशाला विचारतील? राग आधी पोटात होता. तो वर यायला लागला. मंदाकिनीच्या दातांखालचा मटार. सदाशिवरावांची सांची, माणूस आहे की काय, सांची! गौरांग, पोटचा मुलगा, व्हिडिओ कॉलवर कपाळाचा वरचा भाग दाखवत म्हणालेला, "आई, डोन्ट वरी, हा पार्शल रिस्पॉन्स आहे." ज्यानं दीड वर्षाचा होईपर्यंत दुसरीकडे तोंड म्हणून लावलं नाही, त्याला आता त्या जागेचं इंग्रजीतलं नाव येत होतं आणि मराठीतलं उच्चारता येत नव्हतं. उजेडात बस. चालून दाखव. हिलना नहीं. नुसतं बघायचंय. सगळ्यांना तुला बघायचंय गं. अरे बघा ना मग! बघा! पण मला बघा, त्या ठिपक्याला काय बघता? तो तर भाडेकरू आहे, घर माझं आहे, आणि सगळे येतात ते त्याची चौकशी करून जातात, कसा आहे, किती आहे, बारीक झाला का. माझी बोटं गेली. माझी चव गेली. शेंग फोडताना मटारचा तो थंड चुरचुरीत आवाज बोटांतून वर यायचा, तो गेला. उद्या पुन्हा एक गाठ उगवली तर मला स्वतःला ती सापडायची नाही, यांच्या दारात येऊन पालथं पडावं लागेल, हे कुणाच्या बेचाळीसमध्ये आलंय? छाती फळीवर वरखाली होत होती. तिला ते थांबवता येत नव्हतं, आणि खरं तर थांबवायचंही नव्हतं.

यंत्र एकदम गप्प झालं. फळी बाहेर आली.

"क्या हुआ, आंटी? आपने बटन दबाया."

"मैंने नहीं दबाया."

"दबाया, आंटी. उधर घंटी बजी."

इंदुमतीनं हाताकडे बघितलं. मूठ घट्ट आवळलेली होती आणि फुगा तिच्यात चेपून गेला होता. बोटांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. "मेरी उँगलियाँ सुन्न हैं," ती म्हणाली. "महीनों से. लिखा है कहीं आपके यहाँ?"

पूजानं टेबलावरचा कागद बघितला. "नहीं, आंटी. ब्रेस्ट का ही लिखा है." मग थोडं घुटमळून, "और आप हिल भी रही थीं. पूरी पिक्चर धुँधली आ गई. ये वाला फिर से करना पड़ेगा. अंकल को अंदर बुला लूँ?"

"अंकल क्या करेंगे? हिलेंगे नहीं?"

पूजा हसली, आणि हसल्यावर तिचं वय कळलं. तिनं फुगा बोटांतून काढून तिच्या मनगटाखाली ठेवला, जिथे अजून जाणीव होती. "यहाँ लगता है?" लागत होतं. या सबंध काळात हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर फक्त इंदुमतीला माहीत होतं. फळी पुन्हा आत गेली. पुन्हा ठण् ठण्. ती आता हलली नाही. राग गेला म्हणून नव्हे. तो होता तिथेच होता, पण तिच्या डोक्यात एक विचार आला होता आणि ती त्याच्याकडे बघत पडून राहिली. पिक्चर धुँधली आ गई. म्हणजे राग फोटोत आला होता. इतक्या महिन्यांच्या इतक्या फोटोंत तिचं स्वतःचं असं काही पहिल्यांदाच उमटलं होतं, आणि ते खराब म्हणून पुसून पुन्हा काढत होते. मग दंडातून गार काहीतरी धावत खांद्याकडे गेलं, तोंडात होतं त्याहून जुनं लोखंड आलं, आणि ठोकणाऱ्यानं आणखी जोरात ठोकायला घेतलं.

कपडे घालून ती बाहेरच्या दाराकडे न जाता उलटीकडे वळली. पूजा "आंटी, उधर नहीं, रिपोर्ट कल," म्हणत मागे आली, पण इंदुमतीनं शाळेत अशी बरीच दारं उघडलेली होती. अंधाऱ्या खोलीत दोन पडद्यांसमोर एक तरुण बाई डबा खात बसली होती. पडद्यावर घुमट होता.

"हा माझाच ना?" इंदुमतीनं सरळ मराठीत विचारलं, कारण रागात तिला दुसरी भाषा सुचेना.

बाईनं पोळीचा तुकडा खाली ठेवला. "अरे, काकू, तुम्ही मराठी? मी इंदूरची. क्षितिजा." मग डॉक्टर होऊन, "पण तसं डायरेक्ट नाही सांगता येत, काकू. उद्या रिपोर्ट डॉक्टरांकडे जाईल. किंवा सोबत काका असतील तर त्यांना बोलवू, मी दोघांना समजावून..."

"काकांचं काय काढलंयत तुम्ही?"

"जी?"

"फोटो. काकांचा आहे?"

क्षितिजानं हात पुसले. डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचा वास खोलीभर होता आणि इंदुमतीला तो वास आला, लोखंडाशिवाय, क्षणभर. "बसा," क्षितिजा म्हणाली, आणि पडदा तिच्याकडे वळवला. त्याची पाठ आता दाराकडे होती.

"ही पहिली सिरीज सोडून द्या. खराब झालीय. तुम्ही हललात."

"हलले नाही. चिडले होते."

"इथं ते सारखंच दिसतं, काकू." तिनं दुसरं चित्र आणलं. "हे सुरुवातीचं. ही गाठ. हे मधलं. आणि हे आत्ताचं." घुमट रिकामा होता. राखाडी, शांत, आणि मधोमध एक काळा बारीक डाग, तिळाएवढा. "ही क्लिप. बाकी काही दिसून नाही राहिलं मला. रंगाचं औषध दिल्यावर पण काही उजळलं नाही."

"म्हणजे गेली?"

"म्हणजे दिसत नाही," क्षितिजा म्हणाली, आणि मग सावकाश, प्रत्येक शब्द तोलून, "दोन्ही एक नाही, काकू. कधी कधी थोड्या पेशी राहतात, मशीनला नाही कळत. ऑपरेशन करावंच लागेल. क्लिपच्या भोवतीचा भाग काढून तपासला, की मग खरं कळेल. पण सबंध काढायची गरज पडू नये असं मला वाटतं. आणि औषध काम करतंय. हे मी रिपोर्टात लिहिणार."

"काय लिहिणार? गाठ नाही, असं?"

"नाही. 'आढळली नाही.'"

इंदुमती त्या काळ्या तिळाकडे बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठेतरी झालाही असावा, सुन्न बोटाला काही लागावं तसा, बघितल्याशिवाय न कळणारा. पण राग तिला न बघताही कळत होता. तो तसूभरही लहान झाला नव्हता. या क्षणी भोपाळ शहरात ही गोष्ट फक्त दोघींना माहीत होती. ती तशीच आणखी थोडा वेळ बसली. क्षितिजानं डबा पुढे केला आणि तिनं बटाट्याची एक फोड खाल्ली. पुन्हा लोखंड. असू दे.

बाहेर दिगंबर उभा होता, खुर्च्या रिकाम्या असून उभा. एका हातावर पेढ्यांचा खोका, खोक्यावर तिच्या दागिन्यांचा रुमाल. दुसऱ्या हातात मोबाइल, उघडा. पडद्यावर गौरांगचं कपाळ होतं. ती दिसताच त्यानं ते कपाळ बंद केलं. त्याच्या हाताचं नख खोक्याच्या कडेवर वाजत होतं, टिक, टिक. आत काय आहे ते स्वतः भरून आणलेलं असूनसुद्धा.

"आत कुठे गेली होतीस? ती मुलगी म्हणाली, डॉक्टरांकडे. काय म्हणाल्या?"

"जरा इकडे या," इंदुमती म्हणाली. "उजेडात."

तो खिडकीपाशी आला. दुपारचं ऊन त्याच्या तोंडावर पडलं. दाढी गालाच्या एका बाजूला राहून गेली होती. डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या आणि खालचा ओठ रिपोर्ट वाचताना हलतो तसा हलत होता. तो घाबरलेला होता. केव्हापासून, ते तिला आता दिसलं, आणि दिसलं म्हणून माफ झालं असं नव्हे. ती त्याला सावकाश बघत राहिली, कपाळापासून चपलांपर्यंत. असं कुणी बघितलं की हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. त्याला कळत नव्हतं.

"इंदू, काय आहे? किती?"

तिनं रुमाल उचलून पर्समध्ये टाकला. खोका त्याच्या हातात तसाच राहू दिला. मग दाराशी जाऊन, चपला पायात सरकवून, मान न वळवता ती म्हणाली,

"कळवते."